‘पॅच काढला’ म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न सांगलीहून आला आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीत ग्राहकांसाठी मराठी सूचना लिहिणाऱ्या ताईंनी ‘इन्स्टॉलर पॅकेजमधून पॅच काढणे’ असं लिहिलं. (इन्स्टॉलर पॅकेज म्हणजे प्रोग्रॅम बसवायची फाइल, आणि पॅच म्हणजे आधीच बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करणारी फाइल.) साहेबांनी ‘पॅच’ खोडून ‘ठिगळ’ केलं. बरोबर कोण?

माझ्या मते नामावरून भांडू नका, घोळ क्रियापदात आहे.

आधी ठिगळाचं बघू. साहेब अगदीच चुकलेले नाहीत. पूर्वी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवत, आणि चुकीचं भोक वर कागदाचा तुकडा चिकटवून बुजवत. म्हणजे मूळचा पॅच अक्षरशः ठिगळच. पण आपल्याकडे ठिगळ म्हटलं की फाटकेपणा आलाच. वाकळेला ते शोभतं. ‘तुमच्या हिशोबाच्या प्रोग्रॅमला ठिगळ पाठवतोय’ असं कळवलं तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल. पॅच राहू द्या. सांगली-मिरज रस्त्यावरचा टायरवालासुद्धा ‘पॅच मारला’ म्हणतो, त्यामुळे लिंगाचाही प्रश्न मिटला.

तोच टायरवाला पंक्चर मात्र ‘काढतो’. काढतो म्हणजे काय, तर पॅच लावतो! चित्र काढलं की नसलेलं उमटतं, डाग काढला की असलेला जातो. मासिक काढतात, काटाही काढतात. तेव्हा ‘पॅच काढला’ याचा अर्थ तयार केला, ग्राहकांसाठी आणला की बसवलेला उडवला? तिसरा अर्थ नुसता तर्काचा नाही. पॅच तशी सोय ठेवून बनवलेला असेल, तर विंडोज इन्स्टॉलर (विंडोजवर प्रोग्रॅम बसवणारी व्यवस्था) ३.० पासून तो खरोखरच काढून टाकता येतो. मी स्वतः एका पतसंस्थेला ‘नवा पॅच काढला आहे, बघून घ्या’ असा निरोप धाडला होता. तासाभरात तिथल्या क्लार्कचा फोन: “सर, काढलाय कशाला? परत टाका की ओ!”

दुसरी अडचण ‘मधून’ची. उसातून रस निघतो तसा पॅकेजमधून पॅच निघत नाही, कारण तो आत नसतोच. विंडोजच्या एमएसआय पॅकेजांचं, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरच्या पॅकेजांचं घ्या. जुन्या आवृत्तीचं एक आणि नव्या आवृत्तीचं एक, अशी दोन पॅकेजं लागतात. दोन्ही आधी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह इन्स्टॉल’ करून वेगवेगळ्या फोल्डरांत उलगडायची, कारण फायली आवळून बांधलेल्या असतील तर तुलना जमत नाही. मग पॅच बनवणारं साधन दोन्ही संच शेजारी ठेवून बदललेलं तेवढं उचलतं आणि एमएसपी फाइलीत, म्हणजे पॅचच्या फाइलीत, भरतं. बदललेली फाइल अख्खी घ्यायची की तिच्यातले बदललेले बाइट्सच, हे बनवणाऱ्यानं ठरवायचं. ग्राहकाकडे जुनी आवृत्ती असेल तरच हा पॅच बसतो.

याला आपल्या कचेऱ्यांत नेमका शब्द आहे: फरक. महागाई भत्ता वाढला की सगळा पगार पुन्हा देत नाहीत, मागच्या महिन्यांचा ‘फरक’ देतात. आधीचा पगार झालेला असेल तरच फरकाला अर्थ. पॅचचं काम हुबेहूब तसंच. आणि गंमत म्हणजे ‘फरक काढणे’ म्हटल्यावर कुणाचाच गोंधळ होत नाही. कारकुनापासून शिपायापर्यंत सगळे आकडेमोड असंच समजतात.

तर ताई, वाक्य असं करा: ‘जुन्या व नव्या इन्स्टॉलर पॅकेजमधला फरक काढून पॅच तयार करणे.’ ग्राहकाच्या सूचनेत ‘पॅच बसवा’ लिहा. उलट करायचं असेल तर ‘बसवलेला पॅच काढून टाका’. तिथला ‘टाका’ गाळू नका. आणि साहेबांना ठिगळ फारच आवडलं असेल, तर ते कंपनीच्या आतल्या निरोपांत खुशाल वापरू द्या.