जेआरएफ नाही, तरी पीएचडी करावी का? तासिकेचं काम सोडावं का?

तुमची नेट, म्हणजे सहायक प्राध्यापकाची पात्रता परीक्षा, झालीय पण जेआरएफ, म्हणजे त्याच परीक्षेत वरच्या गुणांवर मिळणारी संशोधनाची मासिक फेलोशिप, नाही, संभाजीनगरला पीएचडीला नंबर लागलाय आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवताय. पैशाची सोय कुठून होईल आणि फेलोशिप मिळाली तर तासिका सोडावी का, असं विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सोडा.

मी गंगाखेडकडचा. विषय इतिहास, निजामाच्या काळातला जमीन महसूल. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं माझी निम्मी कागदपत्रं तिकडं हैदराबादेत, तारनाक्याच्या पुराभिलेखागारात. फारसी, उर्दू, मधूनच मोडी. जाऊन आलो, फोटो काढले, झालं, असं ते काम नाही. तिथं मुक्काम टाकून बसावं लागतं, खोलीचं भाडं, खानावळ, फारसी वाचून देणाऱ्याचे पैसे. तासिकेवरच्या माणसानं हे कसं करायचं? जेवढे तास तेवढेच पैसे, सुट्ट्यांचे नाहीत, आणि तेही सत्र उलटल्यावर कधीतरी. आठवडाभर गेलात तर तुमच्या तासाला दुसरा माणूस उभा असतो.

माझं नाव फेलोशिपच्या यादीत आलं, तेव्हा दुसरीकडं पगारी काम करत नाही असं लिहून द्यायचं होतं. मी कॉलेज सोडलं. दादा, माझा थोरला भाऊ, जाम बिथरला. ‘हातचं सोडून पळत्याच्या मागं लागतोस. तिथंच पाय रोवून ऱ्हा, उद्या जागा निघाली की तुझाच नंबर,’ हे त्याचं म्हणणं. मी म्हणलं, त्या जागेची वाट बघत चाळिशी ओलांडलेली माणसं त्याच स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसतात.

पुढं फेलोशिपचा पहिला हप्ता लांबत गेला. कधी हजेरीच्या दाखल्यावर विभागप्रमुखांची सही नाही, कधी घरभाड्याचा कागद नाही, सगळं दिलं तर निधीच आलेला नाही. आईनं बचत गटातून कर्ज काढलं. मामांनी सोयाबीनची पट्टी आली तशी माझ्या हातात ठेवली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथीच्या, म्हणजे मराठा-कुणबींसाठीच्या राज्य संस्थेच्या, फेलोशिपचा विषय निघाला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार असं विचारलं. पुढं त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. पण दादानं तो व्हिडिओ मला पाठवला होता, खाली एक शब्दही न लिहिता. ते मला फार लागलं.

शेवटी थकलेली रक्कम एकदम जमा झाली. आधी बचत गट फेडला, मामांचे दिले, मग हैदराबाद गाठलं आणि पोटभर काम केलं. प्रबंधातली दोन प्रकरणं त्या मुक्कामातून निघाली. म्हणून फेलोशिपला कुणी ‘फुकटचे पैसे’ म्हणलं की मला खपत नाही. संशोधन हे काम आहे आणि हा त्याचा मेहनताना आहे. ‘ज्ञानाच्या ओढीनं या, पैशासाठी येऊ नका’ असं सांगणाऱ्यांचा पगार दर महिन्याला होत असतो.

आता पर्याय. जेआरएफचा नाद सोडू नका. नेट वर्षातून दोनदा होते आणि प्रवेशानंतर निघालेली जेआरएफसुद्धा लागू होते. पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढं ४२ हजार, घरभाडं वेगळं. वयाची अट ३० वर्षं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि नॉन-क्रिमीलेअर ओबीसींना ५ वर्षं सूट. राज्याच्या संस्था प्रवर्गाप्रमाणे आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी-भटके-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. यांच्या जाहिरातीचा नेम नसतो आणि मुदत तोकडी असते. आरआरसीनंतरचं (संशोधनाच्या विषयाला मान्यता देणारी विद्यापीठाची समिती) नोंदणीपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास हे आजच एका फाइलीत लावा. आमच्या विभागातल्या एकाची संधी फक्त नोंदणीपत्र वेळेत न मिळाल्यानं गेली. सामाजिक शास्त्रात असाल तर आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप आहे. एकुलत्या एक मुलीसाठी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आहे. आणि हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठाचा विचार आपल्याकडची लेकरं का करत नाहीत, मला कळत नाही. केंद्रीय विद्यापीठात जेआरएफ नसलेल्यांनाही महिना ८ हजार मिळतात. थोडे आहेत, पण वसतिगृह आणि ग्रंथालय पाठीशी असतं.

यातलं काहीच हाती नसेल तर तासिका लगेच सोडू नका. मी सोडा म्हणलं ते यादीत नाव आल्यावर, आणि तेव्हासुद्धा पैसे लांबतील हे धरून वर्षभराच्या खर्चाची तजवीज करूनच. घरात लहान लेकरं असतील, कर्जाचे हप्ते चालू असतील तर आणखी जपून. विज्ञान शाखेत असाल तर हिशोब वेगळा, तिथं गाइडच्या मंजूर प्रकल्पातूनही फेलोशिप निघते, म्हणून गाइड ठरवण्याआधी त्यांच्याकडं चालू प्रकल्प आहे का ते सरळ विचारा.

दादा अजूनही म्हणतो की कॉलेज सोडायला नको होतं. ज्या कॉलेजातली जागा माझीच म्हणून तो सांगायचा, तिथं अजून जाहिरात निघालेली नाही.