दत्तक घेतलेला बुलडॉग थोडं चाललं की धापा टाकतो. रोज किती फिरवावं?

शेजाऱ्यांचं ऐकून त्याला पळवायला मात्र जाऊ नका. तुम्ही लिहिलंय की इंग्लिश बुलडॉग नर आहे, चार वर्षांचा, वजन ३१ किलो. आधीच्या मालकांची बदली झाली म्हणून तुमच्याकडे आला. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर अर्धी फेरी झाली की फतकल मारून बसतो, घशातून खरखर येते, आणि शेजारी म्हणतात पळवा, चरबी उतरेल. या जातीचा नर साधारण २५ किलोचा असावा लागतो, म्हणजे वजन जास्त आहे हे खरंच. पण ते उतरवायचं जेवणातून. भाकरीचा उरलेला तुकडा, चहाबरोबरचं बिस्कीट, पाहुण्यांनी प्रेमाने भरवलेला कुंदा, हे आधी बंद करा. बरगड्या हाताला सहज लागायला लागल्या की समजा मार्गी लागलं.

मी डॉक्टर नाही. टिळकवाडीत आमच्या घरी बुलडॉग मादी बरीच वर्षं होती, त्यातून जे कळलं आणि डॉक्टरांना विचारून जे समजलं ते सांगतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून तो धापतो, तोंडातला-नाकातला ओलावा उडतो आणि अंग गार होतं. आपल्या मुधोळ कुत्र्याचं लांबलचक नाक त्याला उन्हातही साथ देतं. बुलडॉगचं थोबाड माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत आणलं, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. नाकपुड्या चिरेएवढ्या, मऊ टाळू लांबून श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो, पुष्कळांची श्वासनलिकाच मुळात अरुंद. जोर लावून श्वास ओढला की घशाला सूज येते, सुजेने वाट आणखी बारीक होते, मग आणखी जोर. 'अजून एक फेरी मारू की' म्हणणं या चक्रामुळे अंगाशी येतं. तो बसतोय तो आळशी आहे म्हणून नव्हे. त्याला ओढू नका, बसू द्या.

आता आवाज. 'बुलडॉग म्हटल्यावर घोरणारच' असं सगळे सांगतील, आधीच्या मालकांनीही सांगितलं असेल. तेवढ्यावर विसंबू नका. दुपारी तो गाढ झोपला की शेजारी बसा, छाती अर्ध्या मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा आणि दुप्पट करा. ३० च्या आत असेल तर बरं. सतत त्यावर जात असेल तर डॉक्टरांना सांगा. झोपेत मध्येच दचकून उठतो का, बसून किंवा हनुवटी उंचावर टेकवून झोपतो का, खाल्लेलं किंवा पांढरा फेस वरचेवर बाहेर काढतो का, हेही बघा. फेस आला की आपण पोट बिघडलं म्हणतो. या कुत्र्यांत बऱ्याचदा त्याचं मूळ श्वासाच्या ओढाताणीत असतं. झोपलेला असतानाचा आणि फिरून आल्यावरचा आवाज मोबाईलवर व्हिडिओ करून ठेवा. दवाखान्यात टेबलावर चढवला की कुत्रा घाबरलेला असतो, तिथला आवाज खरा नसतो.

केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था) २०१९ मध्ये या कुत्र्यांसाठी श्वासाची प्रतवारी आणली. त्यात आधी स्टेथोस्कोपने ऐकतात, मग तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवतात आणि पुन्हा ऐकतात. बसल्या जागी ठीक वाटणारा कुत्रा चालल्यावरच उघडा पडतो, म्हणून. ही चाचणी घरी करू नका, डॉक्टरांसमोरच होऊ दे. गरज असेल तर नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळू कापून आखूड करण्याची शस्त्रक्रिया असते. ती नटवण्यासाठी नसते, श्वासासाठी असते. सर्जन असा बघा ज्याने आखूड तोंडाची कुत्री आधी हाताळली आहेत, मग पुणे किंवा बेंगळुरू गाठावं लागलं तरी चालेल. भुलीतून उठतानाची वेळ या जातीला सगळ्यात नाजूक असते. रक्तही तपासून घ्या. आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट आहे, गोचीडतापाने रक्त कमी झालेला कुत्राही असाच चटकन थकतो.

तोवर फिरवायचं ते असं. दिवस उजाडताना दहा मिनिटं, सपाट रस्त्याने, त्याच्या चालीने. संध्याकाळी डांबरावर हाताची मागची बाजू टेकवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घ्या. घरी आल्यावर पाच-दहा मिनिटांत धाप बसायला हवी. नाही बसली तर उद्या निम्मंच. जेवण आणि फिरणं यात तासभर अंतर ठेवा. एप्रिलात बेळगावचा पारा ३६-३७ ला जातो तेव्हा एखादा दिवस फिरणं चुकलं तरी काही बिघडत नाही. पावसाळ्यात लोक निर्धास्त होतात, पण हवा दमट असली की धापून ओलावा उडत नाही, हे विसरतात. त्या दिवसांत जुन्या चादरीच्या घड्यांत खाण्याचे दाणे लपवा, हुंगून शोधू दे. बुलडॉग त्यातही दमतो. आणि भिजून आला तर तोंडावरच्या वळ्या आतून कोरड्या करा, नाहीतर कुजका वास सुरू होईल.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत फेटा बांधून बुलडॉग आणायची हौस इथे काहींना असते. बेळगावात ती तिथीने निघते, म्हणजे वैशाखातला उकाडा, डॉल्बी, गर्दी. तुम्ही नका नेऊ.

जीभ जांभळी किंवा राखाडी पडली, दोरीसारखी चिकट लाळ लोंबू लागली, पाय लटपटले, तर वाट बघत बसू नका. तिथल्या तिथे नळाचं पाणी अंगावर ओता, पंखा लावा, आणि अंग ओलं असतानाच दवाखाना गाठा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. तोंडात जबरदस्तीने पाणी तर अजिबात ओतू नका.

रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेऊ का, असंही विचारलंय. चढ चालवत नको. डॉक्टरांनी तपासून हिरवा कंदील दिला तर डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी गाडीने न्या, वर थोडा वेळ हुंगत फिरू दे आणि ऊन चढायच्या आत उतरा. राकसकोप जलाशयाच्या पाण्याजवळ मात्र सोडू नका. बुलडॉगला पोहता येत नाही, डोकं जड आणि पाय आखूड असल्याने तो सरळ बुडतो.