कडवट धूर आणि झाकणावरचे काळे थेंब

प्रश्न : धान्याच्या जुन्या स्टेनलेस स्टीलच्या कोठीत तळाशी १००० वॉटची विजेची शेगडी ठेवून चिकन धुरावर शिजवतो. धूर मुरावा म्हणून झाकणाला फक्त इंचभर भोक ठेवलं आहे. चिकन कडवट लागतं, झाकणावरून काळे चिकट थेंब गळतात. लाकूड बदलू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : लाकूड राहू द्या, धूर कोंडणं थांबवा. कोळशाचा विस्तव जळताना स्वतःच हवा ओढतो; विजेच्या कॉइलला हवा लागतच नाही, म्हणून अशा कोठीत मुळातच ओढ कमी. त्यात तुम्ही वाट अडवलीत. लाकूड घुसमटलं की दाट पांढरा धूर होतो आणि त्यातली वाफ व डांबर थंड झाकणावर जमून चिकनवर ठिबकतात.

झाकणाचं भोक बुजवा. कोठीच्या बाजूला, काठाखाली दोनेक इंचांवर ३ इंची स्टीलचं धुरांडं बसवून फूटभर वर न्या; त्यातले थेंब मग चिकनवर येत नाहीत. तळाशी शेगडीच्या पातळीला १ इंचाची ४ भोकं पाडून त्यांवर सरकती पट्टी लावा. अशाने वरची वाट खालच्यांच्या एकत्रित वाटेच्या दुपटीहून थोडी मोठी होते, आणि तशीच हवी. धुरांडं कायम सताड उघडं, कमीजास्त करायचं ते खालच्या पट्टीने. जाळीजवळचं तापमान ११० अंशांखाली घसरू लागलं तर एकदोन भोकं झाका. ओढ आहे का हे उदबत्ती सांगते : खालच्या भोकाशी धरल्यावर धूर आत वळला पाहिजे.

कोठी २० मिनिटं रिकामी तापवा, पावसाळ्यात तर नक्कीच. चिकन पुसून कोरडं करा. आंब्याचे किंवा पेरूचे सुके तुकडे एका वेळी मूठभरच टाका. भिजवलेले तुकडे आधी नुसती वाफ सोडतात. टिंबर मार्केटमधून भुसा आणणार असाल तर त्यात प्लायवूडचा भुसा नको. धुरांड्यातून विरळ, निळसर धूर निघाला की जमलं. चिकन मात्र आतून ७४ अंश झाल्याशिवाय काढू नका.

कोठीला अर्थिंग हवंच. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत हा उद्योग अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइड साचतो.

प्रश्न : ओढ वाढवायला कॉम्प्युटरचा पंखा बसवू का?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : नको. धुरांड्यात बसवलात तर प्लास्टिक वितळेल, खाली बसवलात तर लाकूड पेट घेईल. त्याऐवजी धुरांडं आणखी अर्धा फूट वाढवा.