उद्वेगाचा सख्खा भाऊ: वेग

परळहून एका आईने विचारलं आहे: 'मुलाच्या नववीच्या विज्ञानात चाल, वेग आणि गती हे तीन वेगवेगळे शब्द आहेत. घरात आपण तिन्ही एकाच अर्थाने वापरतो. हा फरक पुस्तकासाठी उगाच काढलेला आहे का? आणि "गाडीने वेग पकडला" हे बरोबर मराठी आहे का?'

उगाच काढलेला नाही. गती म्हणजे जागा बदलण्याची क्रिया. ती किती झपाट्याने होते हे सांगणारा आकडा म्हणजे चाल. त्या आकड्याला दिशा जोडली की झाला वेग. किंग्ज सर्कलला टॅक्सी ताशी ३० किलोमीटरने वळसा घालत असेल तर तिची चाल तीच राहते, वेग मात्र क्षणोक्षणी बदलतो, कारण गाडीचं तोंड बदलत असतं. चर्चगेट ते विरार साधारण ६० किलोमीटर. जाऊन परत चर्चगेटलाच उतरलात तर अंतर १२० किलोमीटर झालं, पण विस्थापन, म्हणजे निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. परीक्षेपुरतं एवढं पुरे. बातम्यांमध्ये मेट्रोच्या कामाला जी 'वेगवान गती' रोज दिली जाते, ती मात्र ऐकवत नाही. 'काम वेगाने चाललंय' म्हणायला यांची जीभ का अडखळते?

गती 'गम्'पासून आणि चाल 'चल्'पासून, हे सांगण्यात वेळ घालवत नाही. 'चाल' हिंदीतून आली म्हणणाऱ्यांनी घोड्याची चाल, गाण्याची चाल आणि बुद्धिबळातली चाल आठवावी, म्हणजे झालं.

खरी मौज वेगात आहे. संस्कृतात 'विज्' असा धातू आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याची नोंद 'ओविजी भयचलनयोः' अशी आहे, म्हणजे भिणं आणि हलणं. दचकून जागचं हलणं, असं मी त्याचं चित्र मनात धरतो. युज्चा योग झाला, त्यज्चा त्याग झाला, तसा विज्चा वेग. आणि त्याच विज्ला 'उद्' लागला की उद्वेग! नोंदीच्या सुरुवातीला जो 'ओ' चिकटलेला दिसतो तोही वाया गेलेला नाही. पाणिनीच्या 'ओदितश्च' या सूत्राने तो 'ओ' असलेल्या धातूंच्या भूतकृदन्तात, म्हणजे 'गत', 'कृत' अशा रूपात, 'त'चा 'न' होतो, म्हणूनच 'उद्विग्न'. आवेगही तिथलाच आणि पदार्थविज्ञानातला संवेगही (मोमेंटम) तिथलाच. म्हणजे लोकल चुकल्यावर फलाटावर उद्विग्न उभा असलेला माणूस आणि समोरून निघून गेलेल्या गाडीचा वेग, दोघांचं मूळ एक!

आता माझं मत सांगतो आणि त्यावर मी ठाम आहे. दिशेसकटच्या चालीला 'वेग' म्हणणाऱ्यांनी हा शब्द डोळे मिटून उचललेला नाही. कणादांच्या वैशेषिक दर्शनात, म्हणजे आपल्या एका प्राचीन तत्त्वज्ञानात, 'संस्कार' नावाचा एक गुण आहे आणि त्याचे तीन प्रकार आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. यातला तिसरा शब्द ओळखीचा वाटला ना? रबर ताणून सोडलं की ते पूर्ववत होतं त्या गुणधर्माला आपण आजही स्थितिस्थापकताच म्हणतो. परिभाषा घडवणाऱ्यांनी ती यादी वाचलेली होती याचा याहून मोठा पुरावा मला नको. आणि वेगाचं वर्णन करताना वैशेषिकांचे जुने ग्रंथकार प्रशस्तपाद काय म्हणतात? 'नियतदिक्क्रियाप्रबन्धहेतुः'. ठरलेल्या दिशेने होणाऱ्या क्रियांच्या मालिकेचं कारण. नियतदिक्! दिशा वेगाच्या व्याख्येतच आहे. चालीला ती नाही, गतीलाही नाही.

इथेच काही विद्वान उसळतात. याच वाक्याचे तीन तुकडे करून 'ही कणादांची सूत्रं, हेच न्यूटनचे तीन नियम' असं ठणकावून सांगणारे संदेश फिरत असतात, आणि ज्यांनी ते अडवायचे तेच ते पुढे पाठवतात. पहिलं म्हणजे ही कणादांची सूत्रं नाहीत, प्रशस्तपादांच्या ग्रंथातली वाक्यं आहेत. दुसरं, त्याच वाक्यात पुढे येणाऱ्या ज्या 'संयोगविशेषविरोधी'मध्ये यांना क्रिया-प्रतिक्रिया दिसते, तिथे एवढंच म्हटलं आहे की स्पर्श असलेल्या वस्तूशी विशिष्ट संयोग झाला की वेग नाहीसा होतो. समान आणि विरुद्ध बलाचा त्यात मागमूस नाही. तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. कणादांच्या सूत्रांत बाणाची पहिली हालचाल ढकलण्यामुळे होते, त्या हालचालीतून संस्कार उपजतो आणि तो पुढची हालचाल घडवतो. संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. म्हणजे बाण चालत राहायला आत काहीतरी चालवणारं हवं. १६८७ साली न्यूटनने नेमकं हेच काढून टाकलं. सरळ रेषेत एकसमान वेगाने चालत राहायला कारण लागत नाही. कारण लागतं ते वेग बदलायला, आणि ते कारण म्हणजे बल. गाडीला ब्रेक लागल्यावर दारातली माणसं पुढे झुकतात ती कुणी ढकलतं म्हणून नाही. गाडीचा वेग कमी झाला, त्यांचा झाला नाही, म्हणून.

वैशेषिकांची कल्पना सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा फिलोपोनस आणि चौदाव्या शतकातला पॅरिसचा बुरिदाँ यांच्या शेजारी बसते, कारण फेकलेल्या वस्तूत भरलेला जोरच तिला पुढे नेतो असं तेही म्हणत, आणि तिथे ती मानानेच बसते. तिला ओढून न्यूटनच्या खुर्चीत बसवणारे न्यूटनही वाचत नाहीत आणि प्रशस्तपादही.

राहिला 'वेग पकडला'. ही हिंदीतल्या 'रफ़्तार पकड़ी'ची नक्कल आहे आणि मला ती खपत नाही. त्यात आयुर्वेदाच्या बाजूने पाहिलं तर ती उलटी पडते. चरक सांगतात, 'न वेगान् धारयेत्', शरीराचे वेग धरून ठेवू नयेत. तिथे वेगधारण म्हणजे आतून आलेला रेटा दाबणं, अडवणं. त्या कानांनी ऐकलं तर वेग पकडणारी गाडी जागीच थांबायला हवी. मराठीत गाडी वेग घेते.