काँक्रीटच्या फरशीतून किचन आयलंडपर्यंत वायर कशी न्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वयंपाकघराच्या मधोमध आयलंड, म्हणजे भिंतीपासून सुटा ओटा, येणार, त्यावर इंडक्शन शेगडी आणि दोन-तीन सॉकेट हवेत, खाली काँक्रीट आहे. तर झिरी मारून केबल थेट गाडली आणि वरून सिमेंट भरलं तर चालेल का?

गाडू नका. सिमेंटमध्ये अडकलेली केबल परत ओढून काढता येत नाही. उद्या एक वायर खराब झाली किंवा मोठी शेगडी घ्यावीशी वाटली, की लावलेली फरशी फोडावी लागते. म्हणून आधी पाइप टाकायचा, वायर नंतर ओढायची. मी वायरिंगची कामं करतो आणि आयलंडच्या बाबतीत केबलपेक्षा पाइपवर जास्त वेळ घालवतो.

पण त्याही आधी, तुम्ही नक्की काय कापणार आहात ते बघा. वरचा कोबा वेगळा आणि खालचा स्लॅब वेगळा. कोब्यात झिरी मारायला फारशी अडचण नसते. स्लॅब खांब-तुळयांवर उभा असेल, तर त्यात झिरी मारू नका. सळईवरचं काँक्रीट बऱ्याचदा २०-२५ मिमीच असतं, कटर सहज सळईपर्यंत पोहोचतो. आणि स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचा असेल, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी दोऱ्या असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय भोकसुद्धा पाडू नका. ताणातली दोरी तुटली तर इमारतीला धोका, आणि कापणाऱ्या माणसाच्या जिवालाही. तळमजल्यावर जमिनीवर टेकलेलं काँक्रीट असेल तर कापता येतं, फक्त खालचा ओल अडवणारा प्लॅस्टिकचा थर फाटला तर तो नीट जोडून घ्या.

आता जाडीचं गणित. पाइपावर निदान २५ मिमी कोबा राहायला हवा, नाहीतर पाइपाच्या रेषेत भेग पडते आणि ती पुढे टाइलवरही दिसते. एकूण कोबा ५० मिमी असेल तर ३२ मिमीच्या पाइपावर उरतात फक्त १८. अशा वेळी मी २५ मिमीचे दोन पाइप शेजारी-शेजारी टाकतो आणि त्यांतून सुट्या वायरी नेतो. कोबा जाड असेल तर ३२ मिमीचा घ्या, कारण ६ चौरस मिमीची तीन-कोअर केबल २५च्या पाइपात ओढताना घाम निघतो. एक जादा पाइप मोकळा ठेवाच. आत नायलॉनची दोरी घालून दोन्ही टोकांना टोप्या लावा. इंटरनेटची केबल हवी असेल तर तिला वेगळा पाइप.

वळणं कमीत कमी. काटकोनी एल्बो अजिबात नको, मोठ्या गोलाईचे बेंड वापरा, आणि दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त नकोत. एल्बो लावून “बसतंय की” म्हणणारा वायर ओढायच्या दिवशी बहुधा हजर नसतो!

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाइप कुठे वर काढायचा यात. एकदा मी भिंतीपासून माप घेऊन पाइप वर काढला. नंतर सुताराच्या नकाशात आयलंड १५ सेंटिमीटर सरकलं आणि पाइप बरोबर चालायच्या वाटेत आला. कोबा पुन्हा फोडला. तेव्हापासून कपाटांचं अंतिम ड्रॉइंग हातात आल्याशिवाय आणि फरशीवर खडूने आयलंड आखल्याशिवाय मी कटर सुरू करत नाही. पाइप कपाटाच्या आत, मागच्या कोपऱ्यात काढा, तयार फरशीपेक्षा ७-८ सेंटिमीटर वर. सिंक गळला तरी पाणी पाइपात शिरत नाही.

लोड आधी मोजा. ७ किलोवॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ३० अँपिअर घेते. तिला बोर्डापासून स्वतंत्र सर्किट; बहुतेक वेळा तांब्याची ६ चौरस मिमी वायर आणि ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच), मात्र अंतर आणि पाइपातली गर्दी बघून शेवटचा आकडा तुमच्या इलेक्ट्रिशियनने ठरवावा. सॉकेटचं सर्किट वेगळं. दोन्हींवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच. शेगडीचा बंद करायचा स्विच शेजारच्या कपाटात, हात पोचेल असा. शेगडीच्या थेट मागे नको.

फरशीखाली कुठेही जोड देऊ नका. कोबा भरण्याआधी पाइपाशेजारी मोजायची टेप ठेवून फोटो काढा. पाइप दर अर्ध्या-पाऊण मीटरवर पक्के बांधा, ओलं काँक्रीट त्यांना सहज उचलतं. कोबा सुकला की नायलॉनची दोरी पुढे-मागे हलवून बघा, मग वायर ओढा, आणि ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने, वायरीचं इन्सुलेशन तपासा. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर टाइल लावणाऱ्याला थांबवा.

फरशी आधीच झाली असेल आणि तोडायची नसेल, तर आयलंडचं एक टोक भिंतीला जोडा. दिसायला थोडं वेगळं दिसेल, पण वायर भिंतीतून येईल.