जहाल की मूलगामी?

प्रश्न असा आला: 'रॅडिकल फेमिनिझम'ला मराठीत 'जहाल स्त्रीवाद' म्हणतात, मग 'लिबरल' तो मवाळ समजायचा का? लैंगिक छळाच्या वादात दोन्ही शब्द सारखे कानावर पडतात, म्हणून शंका.

'जहाल' रुळलाय खरा, पण मला तो फसवा वाटतो. जहाल-मवाळ म्हटलं की १९०७ची सुरत काँग्रेस आठवते. तिथे इंग्रजीतही 'एक्स्ट्रिमिस्ट' म्हणत, 'रॅडिकल' नव्हे. 'रॅडिकल'च्या पोटात आहे लॅटिन 'राडिक्स', म्हणजे मूळ. इंग्रजीतला 'रॅडिश' त्याचाच भाऊबंद. आपला मुळासुद्धा मुळावरूनच आलाय! म्हणून 'मूलगामी स्त्रीवाद' नेमका. फरक आवाज किती चढला याचा नाही, दुखण्याचं मूळ कुठे शोधायचं याचा आहे.

समजा, साहेबाने हाताखालच्या बाईंना एकटीने जेवायला बोलावलं आणि त्या 'हो' म्हणाल्या. उदारमतवादी, म्हणजे लिबरल, विचारणार: होकार मोकळ्या मनाने होता का? नसेल तर तक्रारीची सोय आहे का, दोघांनाही बाजू मांडता येते का? ('उदार' म्हणजे आरोपीला सोडून देणारे, हा गैरसमज त्या शब्दानेच केलाय.) मूलगामी आणखी खाली खणतात: पगारवाढ ज्याच्या हातात, त्याला 'नाही' म्हणायची सोय होती कुठे? त्यांच्या लेखी हा एका साहेबाचा वाह्यातपणा नाही, पुरुषसत्तेचा रोजचा व्यवहार आहे.

कॅथरीन मॅकिनन या मूलगामी विचारवंत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८६ साली निकाली निघालेल्या मेरिटर बँक खटल्यात त्या तक्रारदार कर्मचारी बाईंच्या वकिलांपैकी एक होत्या. न्यायालय म्हणालं, बाई स्वेच्छेने सामील झाल्या का हे विचारू नका; साहेबाची लगट 'अनवेलकम' होती का, हे विचारा. हाच शब्द आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरच्या १९९७च्या विशाखा निकालात आणि २०१३च्या कायद्यात आहे.

आता त्याला मराठीत काय म्हणायचं? 'अस्वागतार्ह' म्हणजे दारात उभ्या पाहुण्याबद्दल बोलल्यासारखं. 'नकोसा' सरळ आहे, घरातला आहे. पण 'वागणूक' पडली स्त्रीलिंगी, आणि 'नकोशी वागणूक' लिहिताना हात अडखळतो. मुलगीच झाली म्हणून 'नकोशी' नाव ठेवलेल्या पोरी आठवतात; २०११ साली सातारा जिल्ह्यात समारंभ करून ज्यांची नावं बदलली, त्या. तेव्हा मी 'नकोसं वर्तन' लिहितो.