भाकरीचं ताट पुढे सरकवलं, चुकलं का?

प्रश्न : पाळकसाहेब, मागच्या प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षारस घेतात त्या विधीला) भाकरीचं ताट माझ्या हातात आलं आणि मी काही न घेता तसंच शेजारच्या ताईंकडे दिलं. कित्येक दिवस प्रार्थनाच होत नाहीये, विश्वास उरलाय की नाही तेच कळेना, मग घेऊ कुठल्या तोंडानं?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, जीव तुटला. ताट हातात धरून थांबलात ना, म्हणजे तुम्हाला ते हलकं वाटत नाही, आणि मेलेल्या विश्वासाला असली टोचणी लागत नाही हो.

आपल्या रिफॉर्म्ड, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका परंपरेच्या, मंडळ्यांत १५६३ पासून हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून विश्वास समजावणारं पुस्तक, शिकवतात, तिचा ८१ वा प्रश्न अगदी हाच आहे, प्रभूच्या मेजाशी कोणी यावं? उत्तरात पक्क्या विश्वासाचे लोक असं नाहीच म्हटलेलं, ज्यांना आपल्या पापांचं वाईट वाटतं, तरी ख्रिस्तामुळे क्षमा आहे असा भरवसा ज्यांनी धरलाय आणि विश्वास वाढावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी यावं. अयोग्य रीतीनं ही भाकर खाऊ नका म्हणून करिंथ गावच्या मंडळीला प्रेषित पौल पत्रात रागावला तो वेगळ्याच गोष्टीसाठी, तिथे काहीजण आधीच खाऊन पिऊन झिंगायचे आणि गरीब भाऊबंद उपाशी राहायचे. तुमची गोष्ट ती नाही.

पुढच्या प्रभुभोजनाआधी एखाद्या एल्डरशी, मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्याशी, बोला, नाहीतर मला फोन करा, कधीही. आणि प्रार्थनेला शब्दच फुटत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्यानं वाचा, दावीद राजा त्यात देवाला परत परत विचारतो, कुठवर?